सक्युलंटला नाव कोण देतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात लिथॉप्सवर, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या त्या छोट्या सक्युलंटवर (सक्युलंट म्हणजे जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवणारं झाड), अर्धं पान छापलं होतं. त्यात शेवटी एक ओळ होती की हे झाड पहिल्यांदा उचलणारा माणूस वेगळा आणि लिथॉप्स हे नाव देणारा वेगळा, आणि मध्ये शंभरावर वर्षं गेली. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : "शोध लावला" असं छापता तुम्ही, पण तिथली माणसं ते झाड पिढ्यानपिढ्या बघत असणार ना? मग शोध कसला?

उत्तर : अगदी बरोबर विचारलंत. कोकरबूम नावाचं झाड घ्या, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात होतं, कोरफडीच्या घराण्यातलं पण चांगलं उंच झाड. तिथले सान लोक त्याच्या फांद्या आतून पोकळ करून बाण ठेवायचे भाते बनवायचे, म्हणजे फांदी कुठली घ्यायची, आतला गर कसा काढायचा हे सगळं त्यांना पक्कं ठाऊक. लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाने परदेशात पाठवलेला पहिला प्लांट कलेक्टर फ्रान्सिस मॅसन, त्याने १७७६ मध्ये या झाडाला ॲलो डायकोटोमा असं नाव दिलं आणि पुस्तकांत ते 'त्याचं' झालं. मला स्वतःला हा "शोध" शब्द अशा ठिकाणी खटकतो, आणि हल्ली बरेच संशोधक पेपरमध्ये स्थानिक नाव आणि स्थानिक उपयोग आवर्जून देतात हे मला फार चांगलं वाटतं.

मग बॉटनिस्टने नवीन काय केलं? तर त्याने ते झाड आधी माहीत असलेल्या सगळ्या जवळच्या झाडांशी ताडून बघितलं, हे यातलं कुठलंच नाही असं पुराव्यासकट लिहिलं, आणि जगात कुणालाही तपासता येईल असं छापलं. बघणं ही त्यातली पहिली पायरी, खरं काम पुढेच.

लिथॉप्सचंच बघा. १८११ मध्ये विल्यम बर्चेल दक्षिण आफ्रिकेत प्रिस्काजवळ फिरत होता, खडकाळ जमिनीवरून वेगळ्याच आकाराचा खडा दिसला म्हणून उचलला तर ते झाड निघालं. पण त्या काळात असल्या जाडसर पानांच्या, डेझीच्या धाटणीची फुलं येणाऱ्या झाडांचं एकच मोठं गोदाम होतं, मेसेम्ब्रिॲन्थेमम नावाचं, काही नवीन आलं की टाक त्यात, तसं हेही गेलं. क्यूमधल्या एन. ई. ब्राऊनने ते गोदाम हळूहळू उपसलं, फळांची रचना, बियांचे कप्पे, पानांची जोडणी असं सगळं बघत बघत वेगळे जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट, काढले आणि १९२२ मध्ये लिथॉप्स हा जीनस केला. सापडणं आणि ओळखणं यात एवढं अंतर पडू शकतं.

प्रश्न : साधं पान पुस्तकात ठेवलं की वाळतं, पण कॅक्टस किंवा कोरफड हर्बेरियमच्या कागदावर कशी चिकटवतात?

उत्तर : हा प्रश्न वाचून मला खूप आनंद झाला कारण सक्युलंटवाल्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे!

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं ग्रंथालय म्हणा. नवीन स्पीशीज, म्हणजे झाडाची नवीन जात, जाहीर करताना एक नमुना कायमचा तिथे ठेवावा लागतो, त्याला टाइप म्हणतात, उद्या कुणी म्हणालं की तुमचं झाड नक्की कुठलं तर त्या नमुन्याकडे बोट दाखवायचं. साध्या झाडाची फांदी दोन कागदांमध्ये दाबली की झालं. सक्युलंट मात्र पाणी साठवण्यासाठीच घडलेलं असतं, प्रेसमध्ये घातलं तरी मरत नाही, आठवड्यांनी उघडून बघावं तर अंधारात फिकट कोंब काढून बसलेलं असतं नाहीतर सरळ कुजलेलं. म्हणून आधी त्याला मारावं लागतं, उकळत्या पाण्यात बुडवून, स्पिरिटमध्ये ठेवून किंवा गोठवून, मग उभा छेद देऊन आतला गर खरवडून काढायचा आणि फक्त सालीचा भाग वाळवायचा, जाड कॅक्टस असेल तर आडव्या चकत्या करायच्या, फुलं वेगळी बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवायची.

ही झाडं किती चिवट असतात त्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे लेविसिया. अमेरिकेत मेरीवेदर लुईसने १८०६ मध्ये एक जाड मुळांचं झाड गोळा केलं, वाळवलेला नमुना फिलाडेल्फियाला पोचला, आणि त्या वाळक्या मुळांत जीव दिसला म्हणून ती लावली तर ती पुन्हा वाढायला लागली. फ्रेडरिक पर्शने त्याला नाव दिलं लेविसिया रेडिव्हायव्हा, पहिला शब्द लुईसवरून आणि दुसऱ्याचा अर्थ परत जिवंत झालेली. नावातच सगळी हकीकत आली.

पण एवढं करूनही कागदावर जे उरतं त्यात झाडाचा अर्धा जीव गेलेला असतो. लिथॉप्सच्या माथ्यावरची ती नक्षी, रंग, आरपार दिसणाऱ्या खिडक्या, हवॉर्थिया या छोट्या सक्युलंटच्या पानाचं ते काचेसारखं टोक, वाळलं की संपलं. त्यामुळे या क्षेत्रात चित्रांना फार मान आहे. १८२० च्या दशकात क्यूमध्ये जिवंत सक्युलंटची रंगीत चित्रं काढून घेतली होती आणि एड्रियन हवॉर्थ या इंग्रज बॉटनिस्टने दिलेली कितीतरी नावं आज त्या चित्रांच्या आधारावर उभी आहेत, कारण त्याचे वाळवलेले नमुने फारसे उरलेलेच नाहीत. चित्रकाराने एक काटा कमी काढला असता तर आज दोन तज्ज्ञ भांडत बसले असते.

आणि म्हणूनच फील्डमधली वही! रंग काय, फूल कधी उघडतं, वास येतो का, झाड दगडाखाली आहे की फटीत, जमीन चुन्याची की जिप्समची, आजूबाजूला काय वाढतंय, किती झाडं दिसली, हे तिथल्या तिथे लिहिलं नाही तर नंतर कुठल्याही लॅबमध्ये मिळत नाही.

प्रश्न : मला समजा नवीन सक्युलंट सापडलं तर मी त्याला माझं नाव देऊ शकतो का? आणि बायकोचं? (घरून विचारायला सांगितलंय.)

उत्तर : स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण कुणी देत नाही, ते अगदीच वाईट दिसतं. बायकोचं मात्र खुशाल द्या. डेस्मंड कोल हे दक्षिण आफ्रिकेतले बांटू भाषांचे प्राध्यापक, ते आणि त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी वर्षानुवर्षं दोघांनी मिळून लिथॉप्सचा अभ्यास केला आणि एका स्पीशीजचं नाव आहे लिथॉप्स नॉरीनिए, कोल यांनीच दिलेलं. यात मला काहीच गैर वाटत नाही, कारण उन्हात गुडघ्यावर बसून दगडांमधून झाडं शोधायला त्याही होत्या.

घरी सांगा की बाईचं नाव दिलं तर शेवटी 'ए' लागतो आणि पुरुषाचं असेल तर 'आय', लॅटिनचा हिशोब आहे तो. पैसेवाल्यांचीही नावं दिली गेलीत. ॲरिझोनातला तो उंच, हात वर केल्यासारखा सग्वारो कॅक्टस, त्याचा जीनस कार्नेगिया, ब्रिटन आणि रोझ या जोडीने १९०८ मध्ये उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींवरून ठेवला.

नाव नुसतं ठरवून चालत नाही. झाडांची नावं कशी द्यायची याची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, आंतरराष्ट्रीय बॉटनी काँग्रेसमध्ये तिच्यात बदल होतात, शेवटची भरली २०२४ मध्ये माद्रिदला. वर्णन रीतसर प्रकाशित झालेलं पाहिजे. १९५८ पासून टाइप नमुना सांगणं सक्तीचं आहे. १९३५ पासून २०११ संपेपर्यंत नवीन झाडाचं वर्णन लॅटिनमध्येच लागायचं, बिचारे कित्येक हौशी लोक यासाठी लॅटिन येणारा माणूस शोधत फिरायचे, २०१२ पासून इंग्रजी चालतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो आधी छापेल त्याचं नाव खरं. मोजणी सुरू होते, झाडांना दोन शब्दी नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसच्या १७५३ च्या पुस्तकापासून. आपल्या सगळ्यांच्या ओळखीची ॲलो व्हेरा, तिला हे नाव बर्मनने ६ एप्रिल १७६८ ला छापलं आणि फिलिप मिलरने त्याच झाडाला ॲलो बार्बाडेन्सिस हे नाव छापलं त्याच महिन्यात, साधारण दहा दिवसांनी. त्या दहा दिवसांमुळे आज क्रीमच्या बाटलीपासून सगळीकडे व्हेरा आहे, आणि बार्बाडेन्सिस अजून काही बाटल्यांच्या मागच्या बारीक अक्षरात दिसतं, बघा कधी.

प्रश्न : नावं सारखी बदलतात कशाला? सॅन्सेव्हिएरिया शिकलो तर म्हणे आता ड्रॅसीना. वैताग आलाय!

उत्तर : वैताग रास्त आहे. मलाही जुनी नावंच तोंडात येतात. पण हे कुणाच्या लहरीवर होत नाही हो.

नाव हे नातं सांगतं. एका जीनसमधली सगळी झाडं एकमेकांची सगळ्यात जवळची नातेवाईक असावीत अशी अपेक्षा असते. पूर्वी नातं ठरवायला फूल, पान, फळ एवढंच हातात होतं. नंतर डीएनए वाचता यायला लागला आणि कळलं की हवॉर्थिया म्हणून आपण ज्यांना एकत्र ठेवलं होतं ते तीन वेगळे गट आहेत आणि ते एकमेकांपेक्षा दुसऱ्याच जीनसना जवळचे आहेत. फुलं सारखी म्हणून फसवणूक झाली. मग हवॉर्थिया, हवॉर्थिऑप्सिस आणि ट्युलिस्टा असे तीन झाले, २०१३ च्या सुमाराला. त्याच वर्षी मोठ्या ॲलोचीही वाटणी झाली आणि वर सांगितलेला कोकरबूम ॲलोइडेंड्रॉन डायकोटोमम झाला. सॅन्सेव्हिएरियाचं उलटं, ती ड्रॅसीनाच्याच फांदीवर आतमध्ये निघाली, म्हणून घरोघरी दिसणारी ती उभ्या, पट्ट्यासारख्या पानांची २०१७ पासून ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा.

एक सोपी युक्ती सांगते. दुसरा शब्द धरून ठेवा. ॲटेन्युएटा ही हवॉर्थिया असताना पण ॲटेन्युएटा होती आणि हवॉर्थिऑप्सिस झाल्यावर पण आहे. कधी त्याचं शेपूट बदलतं, डायकोटोमाचं डायकोटोमम होतं, पण ओळखू येतं.

सगळे बदल टिकतातच असंही नाही. काही लोक जीनस फोडत सुटतात, काही सगळं एकत्र करायला बघतात, कॅक्टसच्या बाबतीत तर कर्ट बाकेबर्गने विसाव्या शतकात इतकी नावं करून ठेवली की नंतरच्या लोकांची बरीच वर्षं ती निस्तरण्यात गेली. माझं मत विचाराल तर लेबलवर दोन्ही नावं लिहा.

प्रश्न : नावाच्या पुढे ती तुटक अक्षरं असतात ती काय?

उत्तर : नाव देणाऱ्याची सही. नुसतं एल असेल तर लिनियस, हॉ असेल तर हवॉर्थ. कंसात एक नाव आणि बाहेर दुसरं असेल तर कंसातल्याने आधी नाव दिलं आणि बाहेरच्याने झाड दुसऱ्या जीनसमध्ये हलवलं.

सक्युलंटच्या यादीत एल. बोलस ही सही तुम्हाला पदोपदी दिसेल. त्या लुईसा बोलस, १८७७ ते १९७० असं दीर्घ आयुष्य, केपटाऊनच्या बोलस हर्बेरियममध्ये काम केलं आणि एक हजाराहून जास्त झाडांना नावं दिली, त्यातली खूप सारी लिथॉप्सच्या कुळातली. एवढ्या झाडांना नावं देणारी बाई दुसरी सापडणं कठीण आणि आपल्याकडे बागकामाच्या पानांवर त्यांचं नाव मी क्वचितच वाचलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. प्रत्येक नावामागे झाड कापून, फळ पाण्यात भिजवून कप्पे मोजून, लॅटिनमध्ये वर्णन लिहिणं होतं.

प्रश्न : निवडुंग आणि युफॉर्बिया सारखेच दिसतात, मग नाव देताना घोळ होत नाही का?

उत्तर : फूल नसेल तर नवख्याचा होतो. कॅक्टसला काटे एका छोट्या गादीसारख्या ठिपक्यातून येतात, युफॉर्बियाला तो ठिपका नसतो आणि ओरखडा पडला की पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. दोन्ही घराणी लांबची आहेत, कोरड्या हवेने त्यांना एकसारखं रूप दिलं एवढंच.

प्रश्न : आता सॅटेलाइटच्या जमान्यात नवीन झाड सापडायचं काही शिल्लक आहे का?

उत्तर : भरपूर! दरवर्षी जगात साधारण दोन हजार नवीन झाडांना नावं मिळतात, त्यात सक्युलंट असतातच.

मॅमिलेरिया ल्युथियाची गोष्ट ऐका. १९५२ मध्ये नॉर्मन बोक या अमेरिकन बॉटनिस्टला उत्तर मेक्सिकोत कॉफीच्या डब्यात लावलेला एक चिमुकला कॅक्टस दिसला, असा कॅक्टस कुणी कधी बघितलेला नव्हता, त्याचे फोटो राहिले पण झाड रानात नक्की कुठे वाढतं ते कळेना. लोक शोधत राहिले. शेवटी १९९६ मध्ये योनास ल्युथी यांना ते सापडलं आणि त्याच वर्षी जॉर्ज हिंटन यांनी त्यांच्या नावाने ते जाहीर केलं. चव्वेचाळीस वर्षं एका डब्यातल्या झाडाचा पाठलाग!

याच हिंटन यांना १९९१ मध्ये मेक्सिकोच्या न्यूवो लिऑन राज्यात जिप्समच्या डोंगरांवर दोन नवी झाडं मिळाली, अझ्टेकियम हिंटोनी आणि जिओहिंटोनिया मेक्सिकाना, आणि दुसरं तर नवा जीनसच निघालं. असे डोंगर इतके उभे आणि ठिसूळ असतात की तिथे कुणी जात नाही, आणि झाडंही तेवढ्याच पट्ट्यात असतात. सक्युलंटचं हे फार असतं, एका टेकडीवर आहे आणि समोरच्या टेकडीवर नाही, कारण माती बदलली.

प्रश्न : नवीन झाडाचा पत्ता का देत नाहीत? लपवाछपवी वाटते. माहिती सगळ्यांना खुली पाहिजे ना?

उत्तर : मी पण आधी खुल्या माहितीच्याच बाजूची होते आणि अजूनही बहुतेक बाबतीत आहे, पण इथे नाही.

एखादी स्पीशीज जाहीर होते तेव्हा तिची सगळी मिळून कधीकधी काही शेच झाडं असतात, एका उतारावर. आणि संग्राहकांना नवीन, दुर्मिळ, कुणाकडे नाही असंच पाहिजे असतं. म्हणजे आपण छापलेला पेपर चोराच्या हातात नकाशा म्हणून जातो. वर सांगितलेल्या हिंटनच्या दोन्ही कॅक्टसचं तेच झालं, नाव छापलं गेलं आणि मागोमाग रानातून उपटलेली झाडं संग्राहकांपर्यंत पोचायला लागली.

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या पश्चिमेला सक्युलंट कारू नावाचा कोरडा पट्टा आहे, तिथे सहा हजारांवर जातींची झाडं आहेत आणि त्यातली साधारण चाळीस टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. २०१९ पासून तिथे कोनोफायटम आणि इतर सक्युलंटची चोरी भयंकर वाढली, इंटरनेटवरून ऑर्डर येते, तिथल्या गरीब माणसाला थोडे पैसे देऊन पोतीच्या पोती उपटली जातात, पोलिसांनी पकडलेल्या झाडांचा आकडा लाखांत आहे. कोनोफायटम बोटाच्या पेराएवढं असतं, हळू वाढतं, पकडलेलं झाड परत रानात लावता येत नाही कारण नेमकं कुठलं ते कळत नाही आणि सोबत रोगही जाऊ शकतो. हे लिहितानाही मला त्रास होतो.

मग नावच देऊ नये का? तर तेही नाही. नाव नसलेल्या झाडाला कायदा ओळखत नाही. धोक्यातल्या झाडांच्या यादीत घालायला नाव लागतं, खाण रोखायला नाव लागतं, साइट्स या करारात व्यापारावर बंधन आणायला नाव लागतं. त्यामुळे आता बरेच संशोधक नाव देतात पण जागा फक्त मोठ्या भागापुरती सांगतात, अचूक ठिकाण हर्बेरियमकडे बंद ठेवतात. आणि अजून एक चांगला उपाय म्हणजे जाहीर करायच्या आधीच परवानगीने थोड्या बिया घेऊन रोपं तयार करायची आणि ती रीतसर बाजारात आणायची, कॅलिफोर्नियातली हंटिंग्टन बाग नवीन सक्युलंटची अशी वाढवलेली रोपं वाटते. मिळायला सोपं झालं की उपटायची किंमत उतरते.

फोटो टाकतानाही बघा. मोबाईल लोकेशन फोटोत बसवतो, रानातल्या दुर्मिळ झाडाचा फोटो असेल तर ते आधी काढून टाका, प्लीज.

प्रश्न : मी बारावीत आहे, मला हेच करायचंय. बॉटनी घेतलीच पाहिजे का?

उत्तर : घे, नक्की घे, डीएनए आणि सूक्ष्मदर्शकाचं काम तिथेच शिकायला मिळेल. पण फक्त डिग्रीवाल्यांनीच हे केलंय असं समजू नकोस. आफ्रिकेतल्या ॲलोवर सगळ्यात मोठं काम करणारे गिल्बर्ट रेनॉल्ड्स चष्म्याचा व्यवसाय करायचे, दक्षिण आफ्रिकेतल्या ॲलोवरचं त्यांचं जाडजूड पुस्तक १९५० मध्ये आलं आणि अजून लोक ते उघडतात. कोल भाषेचे प्राध्यापक होते हे वर आलंच. या लोकांकडे एकाच गटाला चिकटून राहायची ताकद होती, दहा गोष्टी थोड्या थोड्या केल्या नाहीत.

आत्तापासून करता येईल ते सांगते. एक छोटा गट निवड, समज हवॉर्थिया, आणि त्यातलं प्रत्येक झाड बघून वर्णन लिहायची सवय लाव, फोटो न बघता, मग दुसऱ्या दिवशी ते वर्णन वाचून झाड ओळखता येतं का बघ. चित्र काढ, वाईट आलं तरी काढ, काढताना जे दिसतं ते फोटो काढताना दिसत नाही. फळ सुकलं की उघडून आत बघ.

आणि झाड विकत घेशील तेव्हा लेबलवर नंबर असेल तर तो टाकून देऊ नकोस. लिथॉप्सच्या कुंडीत सी आणि पुढे आकडा लिहिलेला असतो ना, तो कोल यांचा फील्ड नंबर, म्हणजे या झाडाचे पूर्वज त्यांनी नेमक्या कुठल्या जागेवर बघितले त्याची नोंद. नंबर गेला की ते झाड अभ्यासाच्या कामाचं राहत नाही, नंबर असला तर कुंडीतल्या झाडावरूनही रानातल्या त्या एका जागेबद्दल काहीतरी शिकता येतं. पेन्सिलने लिही, शाई उन्हात उडते.